कल्याझिन

रशियाच्या त्वेर प्रांतातील व्होल्गाकाठचे लहान शहर. लोकसंख्या १३,८६७ (२०१०). मॉस्कोच्या उत्तरेस रस्त्याने सु. २०० किमी. अंतरावर, झाब्न्या ही छोटी नदी व्होल्गेला मिळते तिथे ते वसले आहे. पाण्यातून वर आलेला एकाकी घंटामनोरा ही त्याची जगभरची ओळख. पण मनोऱ्याच्या छायाचित्रांत न दिसणारे, पाण्याखाली गेलेले कल्याझिन समजून घेतल्याशिवाय आजचे शहर समजत नाही.

प्रदेश सपाट आहे. बर्च आणि पाइनची जंगले, पाणथळ जागा आणि मधूनमधून शेती असे त्याचे स्वरूप. हिवाळा दीर्घ असतो आणि नदी काही महिने गोठलेली राहते. इथली व्होल्गा एखाद्या सरोवरासारखी रुंद दिसते, पण हे रूप तिचे मूळचे नव्हे. खालच्या अंगाला उग्लिच येथे धरण झाले आणि त्याचा फुगवटा कल्याझिनपर्यंत आला. त्याआधीची नदी बरीच अरुंद होती. दोन्ही काठांवर वस्ती होती आणि समोरच्या तीरावर मठ उभा होता.

तो मठ म्हणजे कल्याझिनचे मूळ. पंधराव्या शतकात काशिनजवळच्या कोझिन या सरदार घराण्यातील मकारी नावाच्या संन्याशाने जंगलात ‘त्रयी’ला (पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रिमूर्तीला) वाहिलेला मठ स्थापन केला. आख्यायिका अशी, की जवळच्या इवान कोल्यागा या जमीनदाराला मठामुळे आपली जमीन जाईल अशी भीती वाटली आणि त्याने मकारीला ठार मारायचे ठरवले. पुढे आजारपणात त्याला पश्चात्ताप झाला, त्याने जमीन मठाला दिली आणि स्वतः दीक्षा घेतली. त्याच्याच नावावरून गावाचे नाव पडले असे मानतात. मकारी १४८३ मध्ये वारला आणि १५४७ मध्ये रशियन चर्चने त्याला संतपद दिले.

मराठी वाचकाला या मठाविषयी जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन व्होल्गेतून निघाला तेव्हा कल्याझिनच्या मठात थांबला आणि मठाधिपती मकारीचा आशीर्वाद घेऊन पुढे गेला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच प्रवासात तो समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पावसाळ्यात दोन महिने जुन्नरला राहिला. बहमनी काळातील महाराष्ट्राचे त्याने केलेले वर्णन इतिहासकारांना आजही उपयोगी पडते. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. ज्या मठातून तो पुढे निघाला, त्याची मात्र आज एकही भिंत उभी नाही.

सतराव्या शतकारंभीच्या रशियातील अराजकात मठाच्या तटबंदीला लष्करी महत्त्व आले. ऑगस्ट १६०९ मध्ये तरुण सेनापती मिखाइल स्कोपिन-शुइस्की याने स्वीडिश शिक्षकांकडून इथे सैन्य तयार करून घेतले आणि सापियेहा या सेनानीच्या पोलिश फौजेला हरवले. पुढच्याच वर्षी लिसोव्स्की या पोलिश बाजूच्या सरदाराच्या टोळ्यांनी मठ लुटून जाळला. तो पुन्हा उभारला गेला आणि १६५४ मध्ये मुख्य चर्चच्या भिंती चित्रांनी भरल्या. काठावरच्या वस्त्या एकत्र करून १७७५ मध्ये, दुसऱ्या कॅथरिनच्या काळात, कल्याझिनला शहराचा दर्जा मिळाला. नदीवरचा व्यापार, जत्रा, विणलेल्या लेसचे काम आणि लोकरीचे जाड हिवाळी बूट (वालेन्की) यांवर शहर चालत होते. उपरोधकार साल्तिकोव्ह-श्चेद्रिन याचा जन्म १८२६ मध्ये तत्कालीन कल्याझिन तालुक्यातील स्पास-उगोल या गावी झाला.

१९३० च्या दशकात उग्लिच धरणाचे काम कैद्यांच्या श्रमावर चालले होते. बुडीत क्षेत्रात शहराचा जुना, सखल आणि सर्वांत गजबजलेला भाग येत होता. घरे उतरवून उंचावर हलवण्यात आली. बाजारपेठ आणि चर्च पाडण्यात आली आणि १९४० मध्ये मठही जमीनदोस्त झाला. तज्ज्ञांनी घाईघाईने काही भित्तिचित्रे भिंतींवरून सोडवून घेतली. त्यांतली काही मॉस्कोच्या वास्तुकला संग्रहालयात, तर काही कल्याझिनच्या संग्रहालयात आहेत. त्या सगळ्या कामातून हाती उरले ते हे तुकडे.

घंटामनोरा निकोलाय चर्चचा होता. १८०० मध्ये बांधून झालेला हा मनोरा पाच मजली असून त्याची उंची ७४.५ मी. आहे. चर्च पाडले, मनोरा तेवढा ठेवला. व्होल्गेच्या तीव्र वळणावर जहाजांना खूण म्हणून त्याचा उपयोग होता. पॅराशूट उड्यांच्या सरावासाठी तो राखला, असेही सांगतात. पाण्याने पाया खचून तो किंचित कलला. १९८० च्या दशकात पाया बळकट केला आणि भोवती मातीचे छोटे बेट घातले. सर्वांत मोठी घंटा ५०१ पूड (जुने रशियन वजनमाप), म्हणजे आठ टनांहून अधिक वजनाची होती. ती पाण्याखालून आपोआप वाजली की संकट येते, अशी लोककथा शहरात ऐकायला मिळते. छायाचित्रकारांना मनोरा मोहक वाटतो, ते स्वाभाविक आहे. तरीही तो मुळात एका भरल्या चौकाचा भाग होता आणि त्याच्या पायथ्याशी दुकाने व माणसे होती, हे त्याच्याकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

आजचे शहर शांत आहे. सावेलोव्हो–सोन्कोव्हो लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि तिथून उग्लिचला फाटा जातो. १९२० मध्ये सुरू झालेले स्थानिक संग्रहालय आता एका जुन्या चर्चमध्ये आहे. शहराबाहेर ६४ मी. व्यासाचा तबकडीचा रेडिओ दुर्बीण-प्रकल्प असून तो रशियातील मोठ्या दुर्बिणींत गणला जातो. मकारीचे अवशेष अनेक वर्षे त्वेरला होते. २०१२ मध्ये ते कल्याझिनच्या स्वर्गारोहण चर्चमध्ये परत आले. हिवाळ्यात नदी गोठली की लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात, जिथे एकेकाळी बाजाराचा रस्ता होता.