दम गरोदरपणाचा की रक्त कमी असल्याचा?

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घराचा जिना चढताना वहिनी तिसऱ्या महिन्यातच मधे थांबायला लागली, तर आई म्हणते पोट वर सरकतंय म्हणून. अगं आई, पोट दिसतंय कुठे अजून! गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलतं ते शेवटच्या महिन्यांत. सुरुवातीचा दम प्रोजेस्टेरॉनचा, या हार्मोनमुळे श्वास खोल होतो, मिनिटाला आत जाणारी हवा ३० ते ५० टक्के वाढते, तरी बाईला वाटतं हवा पुरत नाहीये, उलट जास्तच मिळत असते. धडधडीचंही तसंच, रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते फिरवायचं तर मिनिटाला १०-२० ठोके जास्त पडणारच.

आता घोळ असा की रक्त कमी असलं तरी हेच होतं, दम आणि धडधड. साधा दम जिना चढल्यावर लागतो, थोडं बसलं की जातो. ॲनिमियात सोबत थकवा, चक्कर, खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट, कुणाला माती नाहीतर बर्फ खावासा वाटतो. पण खरं सांगू का, हलका ॲनिमिया असा बघून कळतच नाही, हिमोग्लोबिन करून घ्या. तेही थोडं उतरतंच, कारण रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वाढतं, पण ११ च्या खाली, मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली, गेलं तर ॲनिमिया. वहिनीचं ९.४ निघालं.

आणि बसल्या-बसल्या दम लागतोय, आडवं झालं की गुदमरतंय, छातीत दुखतंय, भोवळ येऊन पडली, थुंकीत रक्त किंवा एकाच पायाला सूज, तर या दोन्हींवर ढकलून सोडायचं नाही, हृदय किंवा फुप्फुसाचं काही असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

वहिनी लाल गोळी घेत होती हो, ६० मिलिग्रॅम लोह असलेली सरकारी, पण सकाळी पोहे आणि वर कडक चहा, त्याच्याबरोबरच! चहा लोह शोषू देत नाही, दूध आणि कॅल्शियमची गोळीही तसंच करते, पोह्यावरचं लिंबू मात्र मदत करतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, आम्ही चहा दुपारवर ढकलला, आता ती सकाळी लिंबू पिळत माझ्या कपाकडे बघत बसते.