क्रेट, लायसन्स अन् जुगाराचा वाद : पार्श्वभूमी

क्रेट म्हणजे गेममध्ये पैसे भरून उघडायचा बंद बॉक्स, आत काय निघेल ते नशीब; हा जुगार आहे का नाही, हाच वाद. परभणी-जालन्याकडच्या सायबर कॅफेत ज्यांनी व्हाइस सिटी अन् क्रिकेट ०७ खेळलंय त्यांना गेमच्या आत पैसे भरायचे असतात हे माहीतच नव्हतं, सीडीच कॉपी केलेली, आत काय विकणार. बाहेर मात्र २००६ लाच एका गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं. लोकं लई हसले, पण घेणाऱ्यांनी घेतलं.

लायसन्सचा, म्हणजे सिनेमाचं नाहीतर खेळाडूचं नाव पैसे देऊन गेममध्ये वापरायचा धंदा त्याहून जुना. १९८२ ला एका हिट सिनेमाच्या नावावर पाचेक आठवड्यांत गेम उरकला, नंतर न खपलेली कार्ट्रिज (तेव्हा गेम ज्यात विकायचे त्या डब्या) न्यू मेक्सिकोत कचरा डेपोत पुरली. तेव्हा नावाचे पैसे एकदाच वसूल व्हायचे.

हे दोन्ही धंदे खरे जुळले २००९ ला, ईए कंपनीच्या फिफा या फुटबॉल गेममधल्या अल्टिमेट टीममध्ये. खऱ्या खेळाडूंची कार्डं बंद पॅकमध्ये, आत स्टार निघतो का कुणी बाकावरचा ते नशीब, अन् खरी नावं नसती तर ते पॅक कुत्र्यानं हुंगलं नसतं. मग २०१७ ला स्टार वॉर्सच्या गेममध्ये पैसे भरून ताकद मिळायली म्हणून एवढी बोंबाबोंब झाली की रिलीजच्या तोंडावर त्याच कंपनीला विक्री थांबवावी लागली (नंतर चालू केली, पण फक्त दिखाव्याच्या वस्तूंची).

खरा गुंता जुगाराचा. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकानं सांगितलं की पैसे भरून नशिबावर सोडलेला बॉक्स म्हणजे जुगारच, आतल्या मालाला बाजारात किंमत असो-नसो. ईएनं कुरकुर करत जानेवारी २०१९ मध्ये तिथं फिफाचे पॉइंट (पॅक घ्यायचं गेममधलं चलन) विकणं बंद केलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये नियामकानं वेगळा मुद्दा धरला, कार्ड विकता येतं म्हणून जुगार, अन् १ कोटी युरो दंड लावला, पण मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं तो उडवला, कारण काय तर पॅक हा वेगळा खेळ नाही, कौशल्याच्या मोठ्या गेमचा भाग आहे. आता गंमत बघा, बॉक्स गेमच्या आत जेवढा घट्ट बसवाल तेवढे तुम्ही सुरक्षित. माझ्या मते बेल्जियमचंच बरोबर होतं.

आपल्याकडं जिओ अन् यूपीआय आल्यावर हे सगळं एकदमच आलं. सप्टेंबर २०२० ला पबजी बंद, जुलै २०२१ ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय चालू, २०२२ ला पुन्हा स्टोअरवरून गायब, मे २०२३ ला परत, त्यात ड्रॅगन बॉल या कार्टूनसोबतचा कोलॅब, यूसी (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) टाका अन् क्रेट उघडा. २०२१ ला गेमवाल्यांनीच अठराच्या खालच्या लेकरांना खर्चाची मर्यादा घातली ती दिवसाला ७००० रुपये! त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३९५० होता, म्हणजे लातूरच्या रूमवर बसलेलं पोरगं एका दिवसात बापाचं पावणेदोन क्विंटल उडवू शकत होतं, तेही नियमात राहून.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे जिंकायच्या आशेनं पैसे लावायचे गेम बंद केले, रमी अन् फँटसीवाले गेले. क्रेटमधून पैसे निघत नाहीत, स्किन (कपडे-बंदुकीचं नुसतं रूप) निघते, त्यामुळं बीजीएमआयमध्ये क्रेट चालूच राहिले.