ब्रेकरमधलं ग्रीस सुकतं तेव्हा

मे महिन्याचा शेवट. चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जाऊन बसलेला. उपकेंद्रातला ३३ केव्हीचा एखादा ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की उघडून वीज तोडणारा मोठा स्विच, गेल्या पावसाळ्यापासून एकदाही उघडलेला नसतो. संध्याकाळी वळीव येतो, फांदी तारांवर पडते, बिघाड ओळखणारा रिले इशारा देतो. आता या ब्रेकरने ५० ते ६० मिलिसेकंदांत, म्हणजे आपल्या विजेच्या सुमारे तीन आवर्तनांत, उघडायला हवं. स्प्रिंग ताणलेली आहे, ती सोडवणारी ट्रिप कॉइल ठीक आहे, बॅटरी भरलेली आहे. पण स्प्रिंग अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, म्हणजे लॅचच्या, रोलरमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय. लॅच उशिरा सुटतो. तेवढ्यात वरच्या पातळीवरचा ब्रेकर उडतो आणि एका फीडरऐवजी (वीज पुरवणाऱ्या एका वाहिनीऐवजी) अख्खं उपकेंद्र अंधारात जातं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होते. ब्रेकर दोन-चारदा उघडमीट करून टायमर लावला जातो, आणि वेळ अगदी बरोबर भरते! मग रात्री काय बिघडलं होतं?

उत्तर ग्रीसच्या घडणीत आहे. ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असं आपण धरून चालतो. खरं तर ते तेलात भिजलेल्या स्पंजासारखं असतं. लिथियमच्या साबणाच्या बारीक तंतूंची जाळी आणि त्यात अडकलेलं तेल. वजनाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग तेलाचाच. घर्षण कमी करतं ते तेल. साबण ते फक्त जागेवर धरून ठेवतो. उष्णता वाढली की तेल पातळ होऊन जाळीतून पाझरतं, उरलेल्या तेलाशी हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया होते, आणि मागे साबण व चिकट राळ एवढंच राहतं. फिरत्या मोटरच्या बेअरिंगमध्ये हालचालीमुळे तेल पुन्हापुन्हा पसरत राहतं. ब्रेकरला मात्र महिनोन्‌महिने स्तब्ध उभं राहायचं असतं, तेही उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत, जिथलं तापमान बाहेरच्या ४५ अंशांहून बरंच वर असतं.

इथे एक आकडा अनेकांना फसवतो. साध्या लिथियम ग्रीसच्या डब्यावर ड्रॉपिंग पॉइंट १८० अंशांच्या आसपास छापलेला असतो. मग ६०-७० अंशांची काय भीती, असं वाटतं. पण ड्रॉपिंग पॉइंट सांगतो तो जाळी कोसळण्याचा क्षण. ग्रीस किती महिने टिकेल हे त्यावरून कळत नाही. ढोबळ नियम असा की ७० अंशांच्या पुढे दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं.

आता चंद्रपूरचा डबा उचलून लडाखमधल्या द्रासला नेऊ. फेब्रुवारी २०१९मध्ये श्रीनगर-लेह ही २२० केव्हीची, सुमारे ३३५ किलोमीटरची वाहिनी राष्ट्राला अर्पण झाली; झोजिला ओलांडून ती द्रास, कारगिल, खालसी अशी लेहला जाते. द्रासच्या हिवाळ्यात पारा उणे २०च्या खाली उतरतो. खनिज तेलात विरघळलेलं पॅराफिन मेण अशा थंडीत स्फटिक होऊन बाहेर येतं आणि बाटलीतलं खोबरेल थिजावं तसं ते तेल थिजतं. म्हणून तिथे पॉलीअल्फाओलेफिनसारखं घडवलेलं तेल लागतं. त्यात मेणच नसतं, त्यामुळे ते उणे ५० अंशांच्या आसपासही वाहू शकतं. शिवाय उन्हाळ्यातही ते खनिज तेलाइतकं पातळ होत नाही. महाग आहे, पण एका ब्रेकरला लागतं ते चिमूटभर. तेवढ्यात काटकसर करणं मला तरी पटत नाही.

गास्केटची, म्हणजे जोडांमधून गळती होऊ नये म्हणून दाबून बसवलेल्या रबरी पट्टीची, कहाणीही अशीच. रोहित्रातलं (ट्रान्सफॉर्मरमधलं) तेल अंशामागे सुमारे ०.०७५ टक्क्यांनी फुगतं. हिवाळ्यातल्या पहाटे २० अंशांवर असलेलं तेल मेच्या दुपारी पूर्ण लोडवर ८० अंशांना पोचलं, तर हजार लिटरमागे ४५ लिटरची वाढ होते. ही वाढ वरची टाकी, म्हणजे कॉन्झर्व्हेटर, पोटात घेते. पण बोल्टांखाली दाबलेलं नायट्राइल रबर रोज तापतं, निवतं, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचा ताठरपणा वाढत जातो. मग दाब सुटला तरी ते परत फुगत नाही, आणि गळती नेमकी थंड रात्री सुरू होते. वायरमन बोल्ट आणखी आवळतो. मेलेलं रबर चिरडतं आणि गळती वाढते. त्यावर नवीन गास्केट एवढाच उपाय.

थंडीत मात्र रबर काचेसारखं कडक होतं. सिलिकॉन रबर उणे ५० अंशांतही मऊ राहतं, कारण सिलिकॉन आणि ऑक्सिजनची त्याची साखळी सहज वळते. तरी ते सगळीकडे चालत नाही. सिलिकॉनच्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या गोल रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावलं, तर रिंग तेच तेल पिऊन फुगते. एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूच्या ब्रेकरमध्ये ओ-रिंगच्या चुकीने वायू गळला, तर ते फार महागात पडतं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० पटींहून अधिक उष्णता वाढवणारा आहे.

ॲल्युमिनियमच्या जोडांवर तर ग्रीसचं काम हवा अडवण्याचं. खरवडलेल्या ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. म्हणून आधी जोडलेप लावून त्याच्याखालीच तारेचा ब्रश फिरवायचा असतो. लेपाच्या जागी पेट्रोलियम जेली लावलेली मी पाहिली आहे. ती ४० ते ६० अंशांतच वितळते. उन्हाळ्यात ओघळून गेली की जोड उघडा पडतो, तापतो आणि एक दिवस जळतो.

आता त्या ब्रेकरकडे परत येऊ. रात्रीच्या पहिल्याच हालचालीने राळेची चिकट पकड तुटली. म्हणूनच दुसऱ्या दिवशी टायमरला काहीच सापडलं नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारला तरी तसंच होतं: त्यातला द्रावक उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो, आठवडाभर सगळं सुरळीत चालतं, आणि मग रोलर पूर्वीपेक्षा कोरडा पडतो. जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय दुसऱ्या जातीचं वर चोपडणंही घातक. लिथियम आणि बेंटोनाइट मातीचं ग्रीस एकत्र आलं की बहुधा पातळ होऊन ओघळतं.

तेव्हा देखभालीला गेल्यावर ब्रेकरला हात लावण्याआधी ट्रिप कॉइलच्या तारेवर प्रवाह मोजणारा क्लॅम्प बसवायचा आणि पहिल्याच ट्रिपचा, म्हणजे ब्रेकर उघडतानाचा, प्रवाह नोंदवायचा. कॉइलमधला सरकता दांडा, म्हणजे प्लंजर, लॅचवर आदळतो तिथे त्या आलेखात एक खाच पडते. खाचेनंतर संपर्क सुटेपर्यंतचा वेळ गेल्या वर्षीपेक्षा लांबला असेल, तर लॅच अडतोय. ही नोंद घेण्याची संधी एकदाच मिळते. पुढची मिळायला ब्रेकर पुन्हा कित्येक महिने न हलता उभा राहावा लागतो.