दोन बाटल्या एकाच भट्टीत?

फेकून दिलेल्या बाटल्या आणि खिडक्यांच्या फुटक्या काचा वितळवून तबकं, फरशा, दिव्यांची झाकणं बनवता येतात. माल फुकट मिळतो. पण वस्तू थंड होताना तडकते, कधी तर आठवड्याभरानंतर, कपाटात ठेवल्याठेवल्या! दोष सहसा भट्टीला दिला जातो. खरा घोळ बहुतेकदा काचांच्या जोडीत असतो.

बाटली आणि खिडकी या दोन्हींची काच वाळू, सोडा आणि चुना यांचीच. पण प्रमाण थोडं वेगळं असतं, आणि प्रमाण बदललं की प्रसरणही बदलतं. समजा, एक काच दर अंशाला लांबीच्या 10 लाख भागांपैकी 8.5 भाग आकुंचन पावते आणि दुसरी 9. थिजलेली काच 500 अंशांनी थंड होईपर्यंत 30 सेंटिमीटरच्या पट्टीत 0.075 मिलिमीटरचा फरक पडतो. जेमतेम केसाएवढा. पण एकजीव झालेल्या काचांना तो सामावून घ्यायला जागाच नसते, म्हणून ताण आत साठून राहतो. ओव्हनमधल्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच तर दर अंशाला जेमतेम 3.3 भाग आकुंचन पावते. ती ढिगातून आधीच बाजूला काढा.

म्हणून एका वस्तूला एकाच बाटलीची किंवा एकाच तावदानाची काच वापरणं उत्तम. मिसळायचीच असेल, तर एका काचेच्या पट्टीवर दुसरीची नखाएवढी कपची वितळवून चिकटवा, नीट थंड करा आणि दोन पोलरायझिंग फिल्टरांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये) धरून उजेडात पाहा. फिल्टर असे फिरवा की मधला उजेड पूर्ण बंद होईल. कपचीभोवती उजळ वलय दिसलं, तर त्या दोघींचं जमणार नाही.

एकाच बाटलीची काचही घाईने थंड केली तर फुटते. 6 मिलिमीटर जाडीच्या तुकड्यासाठी तापमान ताशी 150 अंशांनी 540पर्यंत वाढवा, मग जलद 820 अंशांपर्यंत न्या आणि तिथे 10 ते 15 मिनिटं थांबा. उतरताना 550 अंशांवर तासभर ठेवा. आत साठलेला ताण इथे सैल होतो. पुढे ताशी 60 अंशांनी 370पर्यंत उतरवून भट्टी बंद करा. झाकण मात्र हाताला कोमट लागेपर्यंत उघडायचं नाही. (सगळ्यात अवघड पायरी हीच.)

थर 6 मिलिमीटरपेक्षा पातळ असला की वितळलेली काच पृष्ठताणाने आत ओढली जाते आणि कडा वेड्यावाकड्या होतात; जाड असला की पसरते. पृष्ठभागावर दुधाळ साय आली, तर स्फटिक तयार झालेत असं समजावं. 700 अंशांच्या वर काच जास्त वेळ रेंगाळली, किंवा लेबलचा गोंद आणि बोटांचे ठसे राहिले, की ही साय हमखास धरते. गोंद गरम पाण्यात भिजवून खरवडा, मग स्पिरिटने पुसा.

बाटली अख्खीच चपटी करायची असेल, तर बूच काढून तोंड उघडं ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा फुगा धरते. आणि काच फोडताना चष्मा आणि धुळीचा मास्क हवाच. चुरा करताना काच ओली ठेवली की धूळ उडत नाही.