झीज की आमवात? दोन सांधेदुखी आणि एकच पथ्य

घरात कुणाचे सांधे दुखायला लागले की पहिला हुकूम स्वयंपाकघरात सुटतो. टोमॅटो बंद, दही बंद, चिंच बंद, हरभऱ्याची डाळ बंद, आणि रात्री हळदीचं दूध सुरू. हल्ली त्यात मोबाइलवर फिरणाऱ्या 'अँटी-इन्फ्लमेटरी', म्हणजे दाह कमी करणाऱ्या, पदार्थांच्या यादीची भर पडली आहे: गहू नको, दूध नको, अक्रोड खा, आलं खा. ही यादी ज्याच्या हातात पडते त्याला नेमका कोणता आजार आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. गुडघ्यांची झीज आणि आमवात हे दोन वेगळे आजार आहेत. आहाराचा उपयोग दोन्हींत होतो, पण वेगळ्या वाटेनं आणि वेगळ्या मर्यादेपर्यंत. आमवातात आहारालाच औषध समजून बसलं तर बोटं कायमची वाकडी होऊ शकतात, म्हणून हा फरक समजून घ्यायला हवा.

झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, साधारण पन्नाशीनंतर गाठते. गुडघे, कंबर, बोटांची टोकाकडची पेरं यांना ती धरते. सकाळी उठल्यावर सांधा थोडा आखडलेला असतो, पण चार पावलं चालली, चहा झाला की सैल होतो. दुखणं दिवसभराच्या कामानं वाढतं. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं.

आमवाताचं, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, चित्र उलटं असतं. हा आजार बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. मनगटं आणि बोटांची मुळाकडची पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजतात. सकाळचा आखडलेपणा तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. कणीक मळता येत नाही, ओला टॉवेल पिळता येत नाही, कुकरचं झाकण फिरत नाही, बोटातली अंगठी निघत नाही. दुपारपर्यंत हात जरा चालू लागतात, म्हणून घरच्यांना वाटतं की सकाळचं दुखणं म्हणजे आळस. सोबत थकवा असतो, बारीक ताप असतो, वजन उतरतं. रक्तात ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे निर्देशक वाढलेले दिसतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्यांनी निदानाला बळ मिळतं, पण त्या निगेटिव्ह आल्या म्हणून आमवात नाहीच, असं ठरत नाही.

(तिसरा आजार गाऊट. त्यात यूरिक अ‍ॅसिड वाढतं आणि बहुतेक वेळा पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होतो. डाळी बंद करण्याचा सल्ला मुख्यतः तिकडून आला आणि सगळ्या सांधेदुखीला चिकटला. गाऊटमध्येसुद्धा खरा त्रास मटण, कलेजी, काही मासे आणि बिअर यांचा असतो. डाळींनी आणि भाज्यांनी गाऊट वाढत असल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसलं नव्हतं.)

आता आहाराकडे येऊ. झिजेत सगळ्यात मोठा फरक पडतो तो वजन उतरवल्यानं. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस, आणि पावलं तर दिवसाला हजारोंनी पडतात. पण गोष्ट फक्त भाराची नाही. पोटावरची चरबी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते. हातांवर कुणी चालत नाही, तरीही लठ्ठ माणसांच्या बोटांत झीज जास्त आढळते, त्यामागे हेच एक कारण मानलं जातं. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५४ जादा वजनाच्या गुडघेदुखीच्या रुग्णांना दीड वर्ष तीन गटांत ठेवलं होतं: फक्त व्यायाम, फक्त आहार, आणि दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि दुखणं सगळ्यात कमी झालं. आहार सांभाळणाऱ्या दोन्ही गटांत रक्तातला इंटरल्यूकिन-६ हा दाहाचा निर्देशकही खाली आला.

म्हणून झीज झालेल्या माणसानं टोमॅटोची बी काढत बसण्यापेक्षा चहाबरोबरची बिस्किटं, संध्याकाळचं फरसाण आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात यांचा हिशेब करावा. 'गुडघ्याचं वंगण संपलंय, चालू नका' हा सल्लाही सोडून द्यावा. खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सावकाश खाली न्यायचा. मांडीचे स्नायू भक्कम झाले की गुडघ्याचं ओझं ते वाटून घेतात. यात कोणताही पदार्थ जादूचा नाही.

आमवातात दाह हाच मुळाचा आजार आहे. त्यामुळे 'दाह कमी करणारा आहार' इथे सगळ्यात जास्त चालेल, असं वाटणं साहजिक आहे. घोटाळा नेमका इथेच होतो. हा दाह इतका जोरकस असतो की ताटातल्या बदलानं तो आटोक्यात येत नाही. हाडांच्या कडा कुरतडल्या जायला बऱ्याच रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच सुरुवात होते, आणि एकदा गेलेलं हाड परत येत नाही. पहिल्या काही महिन्यांत प्रतिकारशक्तीचा हा हल्ला आवरणारं मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप वाढते. 'आधी सहा महिने पथ्य करून बघू' यातले सहा महिने सगळ्यात मोलाचे असतात.

तरीही आहाराचा उपयोग आहे, आणि तो अभ्यासांत दिसलेला आहे. नॉर्वेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी आठवडाभराच्या उपासानंतर वर्षभर शाकाहार पाळला आणि त्यांना आराम पडला. स्वीडनमध्ये २००३ साली भूमध्य सागरी पद्धतीच्या, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर असलेल्या जेवणानं बारा आठवड्यांत थोडी सुधारणा दिसली. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ रोज तीन ग्रॅमच्या आसपास काही महिने घेतलं, तर वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी होते. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाऊन एवढी मात्रा भरत नाही, पण म्हणून ते खाणं वाया जात नाही. आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि अशा जेवणाचा भक्कम फायदा हृदयाला होतो. माझ्या मते आमवातात आहार सांभाळण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

त्यासाठी महागड्या ऑलिव्ह तेलामागे धावायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मेथी किंवा चाकवत, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, बेताचं शेंगदाणा तेल, वर जवसाची चटणी, हे ताट त्याच वळणाचं आहे. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यापेक्षा वेगळं असतं आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकतं, तरी शाकाहारी माणसानं ते जरूर खावं. डाळी-उसळी बंद करणं आमवातात तर उलट अंगाशी येतं, कारण या आजारात स्नायू आधीच झडत असतात आणि त्यांना प्रथिनांची गरज असते.

हळदीचा हिशेबही करून बघू. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ते भरतं ९० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. चाचण्यांत दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम दिलेलं असतं, आणि त्यात झिजेच्या रुग्णांना थोडा आराम मिळालेला आहे. भाजीतली हळद आणि कर्क्युमिनची कॅप्सूल म्हणजे एकच गोष्ट नव्हे. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताची तपासणी आधीच ठरावीक दिवसांनी करावी लागते, त्यामुळे अशी कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. दारूही नको. आणि नाव-घटक काहीही न छापलेली, आठ दिवसांत चमत्कार करणारी पुडी तर अजिबात नको. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. पाकिटावर वार मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, विशेषतः घरात दुसरंच कुणी गोळ्या काढून देत असेल तर.

राहिला प्रश्न टोमॅटो, वांगं आणि आंबटाचा. यांनी आमवात किंवा झीज वाढते असा भरवशाचा पुरावा नाही. पण काही रुग्णांना ठरावीक पदार्थानं त्रास वाढल्याचं जाणवतं, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावणंही बरोबर नाही. औषध चालू ठेवून एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे थांबवावा, सकाळी किती वेळ हात आखडतात ते रोज वहीत लिहावं, मग तो पदार्थ पुन्हा सुरू करून बघावा. फरक पडला नाही तर तो खायला लागावं. दूध थांबवून बघायचं असेल तर तेवढ्या दिवसांत नाचणी, तीळ वाढवावेत, आणि स्टिरॉइड चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्या औषधानं हाडं ठिसूळ होत असतात आणि कॅल्शियम कमी पडून चालत नाही.