हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय हिशेबाचा ताळा

देशाने आकडेवारीवरून मांडलेला हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा हिशेब हवेतील प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहण्याची शास्त्रीय पद्धत. १९९२ च्या संयुक्त राष्ट्र हवामान बदल करारात सहभागी देशांनी असा हिशेब सादर करायचा असतो.

हिशेबाची रीत साधी आहे. जनावरे, इंधन, भाताखालचे क्षेत्र मोजायचे आणि प्रत्येकाला ठरीव गुणक लावायचा. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक शास्त्रज्ञ-मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत एका म्हशीमागे वर्षाला ५५ किलो मिथेन धरला आहे. देशाकडे स्वतःचे गुणक असतील तर ते वापरतात. पण बेळगाव जिल्ह्यात अथणीकडे उसाचे वाडे खाणारी म्हैस आणि खानापूरच्या रानात चरणारी म्हैस सारखाच मिथेन सोडत नाहीत. बेरीज बरोबर असूनही गुणक चुकलेला असू शकतो, आणि ती चूक कागद कितीही तपासले तरी सापडत नाही. त्यासाठी हवाच मोजावी लागते.

डोंगरमाथ्यावर किंवा किनाऱ्यावर वायूचे प्रमाण मोजतात, ती हवा कुठून आली याचा माग वाऱ्याच्या नोंदींवरून संगणकावर काढतात आणि किती उत्सर्जन असेल तर असे प्रमाण येईल, हे उलट गणिताने ठरवतात. बेळगाव सीमाभागाला जवळची अशी दोन ठिकाणे आहेत. पुण्याजवळच्या सिंहगडावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने मोजमापे घेतली आहेत. दक्षिण गोव्यातील काबो द राम येथे १९९३ पासून बाटल्यांत भरलेली हवा ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. हिवाळ्यात पठारावरची हवा घाट उतरून त्या किनाऱ्याला येते, म्हणून त्या महिन्यांचे नमुने पठाराबद्दल सांगू शकतात. पावसाळ्यात मात्र वारा समुद्रावरून येतो.

अडचण नेमकी इथे आहे. खानापूरच्या खाचरांत पाणी साचते आणि मिथेन तयार होतो तो पावसाळ्यातच. तेव्हा वारा तो मिथेन पूर्वेकडे नेतो, त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर त्याचा पत्ता लागत नाही. गोसॅट उपग्रहावरचे उपकरण (२००९) किंवा ट्रोपोमी (२०१७) यांसारखी अवकाशातली उपकरणे जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशावर चालतात, आणि तेव्हा आभाळ भरलेले असते. या भातशेतीचा खरा ताळा हवा असेल तर घाटाच्या पूर्वेला, कोरड्या पठारावर मोजणी व्हायला हवी.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. गळीत हंगामात चिकोडी-रायबाग पट्ट्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत न धरता वेगळा नोंदवतात. फौंड्रीत जळणारा, दगडी कोळशापासून केलेला कोक मात्र बेरजेत येतो. वायूच्या प्रमाणावरून हे दोन्ही ओळखता येत नाहीत. कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सारी रूपावरून येतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे, त्यामुळे कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात तो उरलेला नसतो. उसात असतो.

ब्रिटन आणि स्वित्झर्लंड आपल्या राष्ट्रीय अहवालात अशी पडताळणी जोडतात. भारताबद्दल २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जमिनीवरील, विमानातील व उपग्रहांची मोजमापे एकत्र घेतली होती. २०१० ते २०१५ या काळात देशाचे मिथेन उत्सर्जन वर्षाला सुमारे २.२ कोटी टन असल्याचे त्यात आढळले, आणि ते भारताने कळवलेल्या आकड्याशी जुळले. ही मोठ्या मोलाची गोष्ट आहे, कारण विकसनशील देशांच्या आकड्यांवर सहज शंका घेतली जाते.

तालुक्यापर्यंत मात्र ही पद्धत पोहोचत नाही. महाराष्ट्रातील चंदगडच्या भाताचा मिथेन आणि कर्नाटकातील खानापूरच्या भाताचा मिथेन दूरच्या केंद्रावर एकच होऊन येतो. महाराष्ट्राचा वाटा किती आणि कर्नाटकाचा किती, हे त्यावरून सांगता येत नाही.