अँड्रॉइड ऑटो आणि अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह: फोन काढला तर पडद्यावर काय उरतं?

शोरूममधला सेल्समन टचस्क्रीनवर बोट ठेवून सांगतो, "सर, यात अँड्रॉइड आहे." पुण्यातल्या नाना पेठेतला ॲसेसरीजवाला दहा इंची स्टिरिओचा खोका फोडता फोडता तेच सांगतो. महागड्या व्होल्वोच्या माहितीपत्रकातही तेच असतं. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, पण तिघांच्या मनातली वस्तू वेगळी असते. घोळ होतो तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात, आणि तो होणारच. एकीचं नाव 'अँड्रॉइड ऑटो', दुसरीचं 'अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह' ठेवणाऱ्या गूगलला बारशाला कुणी अडवलं कसं नाही, कोण जाणे.

ओळखायची खूण सोपी आहे. फोन घरी राहिलाय असं समजा आणि गाडी सुरू करा. पडद्यावर गूगल मॅप्स आलाच नाही, नुसता रेडिओ, ब्लूटूथ आणि कंपनीचा मेनू दिसला, तर ती ऑटोवाली गाडी. फोन नसतानाही मॅप्स उघडला, रस्ता दाखवू लागला, तर बहुधा ऑटोमोटिव्ह. 'बहुधा' का म्हटलं, ते पुढे ॲसेसरीजवाल्याकडे परत जाऊ तेव्हा कळेल.

आधी ऑटो. जून २०१४ मध्ये गूगलने ते जाहीर केलं आणि मार्च २०१५ पासून लोकांच्या हाती आलं. यात सगळं काम फोन करतो. नकाशा फोनमध्ये, गाणी फोनमध्ये, इंटरनेट फोनच्या सिमवरचं. फोन गाडीसाठी एक वेगळं चित्र तयार करतो आणि ते व्हिडिओसारखं गाडीकडे पाठवत राहतो. गाडीचा पडदा इथे थिएटरच्या पडद्याइतकाच: पडेल ते चित्र दाखवायचं. फरक इतकाच की या पडद्याला बोट लावता येतं. तुम्ही कुठे दाबलंत तेवढं गाडी फोनला कळवते, काय करायचं ते फोन ठरवतो आणि बदललेलं चित्र परत पाठवतो.

एवढं लक्षात ठेवलं की रोजच्या बऱ्याच कटकटींचा उलगडा होतो. चार्जिंग होतंय पण ऑटो सुरूच होत नाही? पहिला संशय केबलवर घ्या. स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मग व्हिडिओ जाणार कुठून? खड्ड्यात चाक आपटलं की ऑटो तुटतं, त्यातही बऱ्याचदा सैल झालेली पिन किंवा फोनच्या सॉकेटमध्ये अडकलेला खिशातला कचरा सापडतो. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी टूथपिक वापरून पाहा, फोन बंद करून आणि हलक्या हाताने.

केबल लावलेली असतानाही ते ब्लूटूथ कशाला मागतं, हा प्रश्न हमखास येतो. नकाशा आणि गाणी केबलवरून जातात, फोनकॉलचा आवाज मात्र ब्लूटूथवरून जातो. ब्लूटूथ बंद ठेवलंत तर नकाशा छान चालेल आणि फोन आला की पंचाईत. वायरलेस ऑटोमध्ये ब्लूटूथचं काम आणखी वाढतं. फोन आणि गाडी आधी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, मग फोन गाडीच्या वायफायला जोडला जातो आणि चित्र त्या वायफायवरून जातं. यासाठी साधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय लागतं. गाडीत फक्त वायरवालं ऑटो असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल मिळतो. मोटोरोलाने २०२२ मध्ये असा एक आणला आणि आता बाजारात त्यांची रांग आहे.

वायरलेसचं मला तरी फारसं कौतुक नाही. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात जीपीएस, मोबाइल डेटा, वायफाय आणि व्हिडिओ तयार करणं ही चारही कामं फोन एकदम करतो, वर लोक त्याला वायरलेस चार्जरच्या पाटावर ठेवतात. मग तो तापतो, चार्जिंग थांबवतो, आणि दोष जातो गाडीला. लांबच्या प्रवासाला चांगली केबल आणि एसीच्या झोतासमोर फोन, याला तोड नाही.

आता ऑटोमोटिव्ह. २०१७ मध्ये गूगलने व्होल्वो आणि ऑडीबरोबर मिळून हे जाहीर केलं आणि २०२० मध्ये रस्त्यावर आलेली पोलस्टार २ ही ते घेऊन आलेली पहिली गाडी. इथे फोनचा संबंध नाही. गाडीच्या आतच एक संगणक असतो आणि अँड्रॉइड ही त्याची मूळ प्रणाली असते, जशी तुमच्या फोनची असते. त्याचं स्वतःचं प्ले स्टोअर, गाडीत बसवलेलं सिम, गाडीत लॉगिन केलेलं गूगल खातं. भारतात हे अनुभवायचं तर व्होल्वोच्या अलीकडच्या गाड्यांमध्ये मिळतं. कंपन्या त्याला 'गूगल बिल्ट-इन' म्हणतात.

यातली खरी गंमत पडद्यावर दिसत नाही. ऑटोमोटिव्हमध्ये अँड्रॉइड आणि गाडीची यंत्रणा यांच्यामध्ये एक थर असतो. वेग, गिअर, टायरमधली हवा, एसीचं तापमान, बॅटरीची टक्केवारी हे सगळं त्या थरातून अँड्रॉइडपर्यंत पोचतं, आणि कंपनीने मुभा दिली असेल तर उलट हुकूमही जातो. "एसी बावीसवर ठेव" असं सांगितल्यावर एसी खरंच बावीसवर जातो तो यामुळे. ऑटोमधून हे साधारणपणे जमत नाही. फोन गाडीकडून थोडीफार माहिती घेतो, पण एसीचं बटण त्याच्या हाती नसतं.

फरक सगळ्यात उठून दिसतो तो इलेक्ट्रिक गाडीत. मुंबईहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालात, ७०१ किलोमीटर. ऑटोमोटिव्हवाल्या गाडीतल्या मॅप्सला आत्ता बॅटरी किती आहे हे माहीत असतं, म्हणून तो सांगू शकतो की अमुक ठिकाणी पोचाल तेव्हा इतके टक्के उरतील आणि त्याआधी तमुक जागी चार्जिंगला थांबा. बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागली तर अंदाजही बदलतो. ऑटोमध्ये हेच काम करायला गाडीने बॅटरीची माहिती फोनला द्यायला हवी. फोर्डच्या मस्टँग माक-ई सारख्या मोजक्या गाड्यांनी ती दिली. बाकी ठिकाणी मॅप्स तुम्हाला पेट्रोलच्या गाडीसारखाच रस्ता दाखवतो आणि टक्क्यांचं गणित बाजूच्या सीटवरच्या माणसाला करावं लागतं.

एक पोटगोंधळही आहे. ऑटोमोटिव्ह म्हणजे गूगलची ॲप्स असणारच, असं नाही. मूळ प्रणाली मुक्त स्रोत आहे. कुठलीही कंपनी ती घेऊन वर स्वतःचा रंगरूप चढवू शकते. बीएमडब्ल्यूची 'ऑपरेटिंग सिस्टीम ९' आणि अमेरिकेतल्या रिव्हियनच्या गाड्या अँड्रॉइडच्याच पायावर उभ्या आहेत, पण बघून तुम्हाला पत्ता लागणार नाही. आणि दोन्ही एकाच गाडीत नांदूही शकतात: युरोपातल्या रेनो मेगान ई-टेकमध्ये आत ऑटोमोटिव्ह आहे, तरी फोन जोडून ऑटोही चालतं.

सगळ्यांना मात्र तसं नांदू द्यायचं नाहीये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये अँड्रॉइड ऑटो आणि ॲपलचं कारप्ले (म्हणजे आयफोनवाल्यांचं ऑटो) दोन्ही मिळणार नाहीत, फक्त आत बसवलेलं गूगल मिळेल. कारण दिलं ते बॅटरी आणि चार्जिंगच्या नियोजनाचं, आणि ते कारण खोटं नाही. पण ऑटो लावलं की पडदा गूगलच्या आणि फोनच्या ताब्यात जातो, आणि ऑटोमोटिव्हमध्ये तो गाडीवाल्या कंपनीकडे राहतो. पडद्यावरून पुढे सबस्क्रिप्शन विकायची असतील तर तो आपल्याकडे असलेला बरा, हे कुठलीही कंपनी ओळखून आहे.

माझा कौल अजून ऑटोकडे आहे, तोही मुख्यतः वयामुळे. आपल्याकडे गाडी दहा-बारा वर्षं सहज वापरतात, नंतर ती गावाकडे भावाकडे जाते. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, आणि फोन बदलला की ऑटोही आपोआप ताजं होतं. गाडीच्या पडद्याला फक्त चित्र दाखवायचं असतं, ते तो दहा वर्षांनीही दाखवेल. ऑटोमोटिव्हमधला प्रोसेसर मात्र गाडीबरोबरच म्हातारा होतो. कंपनी अपडेट पाठवते तोवर ठीक. गाडीतल्या सिमची फुकट मुदत संपली की पैसे भरायचे, नाहीतर फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, म्हणजे फिरून फोनवरच आलो. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल आणि लांब पल्ल्याला नेणार असाल तर मात्र मी माझंच म्हणणं मागे घेईन.

आता नाना पेठ. तिथे मिळणारा 'अँड्रॉइड स्टिरिओ' या दोन्हींत बसत नाही. तो म्हणजे डॅशबोर्डच्या आकाराचा टॅब्लेट. आत फोन-टॅब्लेटचं साधं अँड्रॉइड असतं, म्हणून फोनशिवाय मॅप्स उघडतो (वरचा 'बहुधा' यासाठी होता), पण गाडीच्या बॅटरीचं किंवा टायरचं त्याला काही ठाऊक नसतं. स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून कॅनबस डिकोडर नावाची छोटी डबी जोडतात, तेवढीच त्याची गाडीशी ओळख. अँड्रॉइड ऑटो त्यात बहुतेक वेळा झेडलिंकसारख्या ॲपमधून चालतं, म्हणजे अँड्रॉइडच्या आत अँड्रॉइड. चालतं, अधूनमधून रुसतं.

तो घेताना खोक्यावरचा 'अँड्रॉइड १३' लगेच खरा मानू नका. सेटिंग्जमध्ये आकडा हवा तो लिहिता येतो. हार्डवेअरची माहिती देणारं एखादं ॲप टाकून एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, बघा: अँड्रॉइड १३ ची ३३ असते, १० ची २९. तिथे २९ निघालं तर दुकानदाराला दाखवा आणि भाव परत सुरू करा. हा आकडाही फसवता येतो, पण तेवढे कष्ट सगळे घेत नाहीत. दुसरं, वायरिंग. पिवळी तार बॅटरीची कायमची, लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, तिला दुकानात एसीसी म्हणतात. घाईत दोन्ही एकत्र पिवळीवर जोडल्या तर स्टिरिओ रात्रभर जागा राहतो आणि चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे तारा न कापता बसणारा जोड, मागा. तारा कापून टेप मारणार असेल तर दुसरं दुकान बघा, वॉरंटीचा वाद टळेल.

घरातल्या टीव्हीवरही हाच गुंता आहे, फक्त पात्रं जरा वेगळी. अँड्रॉइड टीव्हीची घोषणा अँड्रॉइड ऑटोबरोबर एकाच कार्यक्रमात झाली होती, आणि तो नात्याने ऑटोमोटिव्हचा भाऊ: प्रणाली टीव्हीच्या आत, फोन नसला तरी चालतो. फोनवरून टीव्हीवर पाठवायच्या रीती मात्र दोन आहेत आणि फोनच्या मेनूत त्या शेजारी-शेजारी बसतात. 'कास्ट' केलं की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. म्हणून फोन खिशात टाका, बोला, गेम खेळा, टीव्हीवरचा पिक्चर थांबत नाही. 'मिररिंग'मध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर जातो. फोन लॉक झाला की टीव्ही अंधारला, व्हॉट्सॲपचा मेसेज आला की तो पाहुण्यांसमोर, आणि बऱ्याच ओटीटी ॲप्सचं चित्र काळं, कारण कॉपी रोखणारी यंत्रणा ते असं बाहेर जाऊ देत नाही. लग्नाचे फोटो दाखवायला मिररिंग, पिक्चरला कास्ट.

अँड्रॉइड ऑटो यांतल्या मिररिंगच्या जवळचं आहे, कारण चित्र फोनच तयार करतो. पण ते फोनचा आरसा नाही, म्हणून गाडी चालवताना बायकोचा मेसेज पडद्यावर उघडा पडत नाही, मागितला तर वाचून दाखवला जातो. आणि म्हणूनच चालत्या गाडीत यूट्यूब बघायची सोय ऑटोमध्ये नाही. ती करून देणारं दुकान सापडतं, तिथे हात जोडून निघून यावं.

जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी एक काम उरतं. ऑटोमोटिव्हवाल्या गाडीत तुमचं गूगल खातं, घराचा पत्ता आणि शोधलेली ठिकाणं गाडीत राहतात, त्यामुळे सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करूनच किल्ली द्या. ऑटोवाल्या गाडीत यातलं बहुतेक फोनबरोबर निघून जातं, पण ब्लूटूथने उतरवून घेतलेली नावं आणि नंबर स्टिरिओत तसेच राहू शकतात. पेअरिंग काढून टाका, आणि नंतर फोनबुक रिकामं झालं का ते उघडून बघा.